क्षत्रप-सातवाहनांची नाणी: वाचावी कशी, पारखावी कशी, जपावी कशी

प्राचीन नाण्यांचा संग्रह सुरू करायचा असेल तर पहिलं नाणं पश्चिमी क्षत्रपांचं, म्हणजे सातवाहनांशी झुंजलेल्या पश्चिम भारतातल्या शक राजांचं, चांदीचं घ्या. व्यास साधारण १४ ते १६ मिलिमीटर, वजन दोन ते सव्वादोन ग्रॅम. ही नाणी आजही बऱ्यापैकी मिळतात आणि त्यांवर राजाचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव, दोघांच्या पदव्या आणि दुसऱ्या शतकाच्या अखेरीपासून पुढे बहुधा शक वर्षही असतं. आहत नाणी, म्हणजे सुटे ठसे ठोकून केलेली, याहून जुनी, तीही सहज मिळतात. पण त्यांवर पाच ठसे असतात आणि नाव नसतं. तिथे ओळख पटवायला चिन्हांचे तक्ते पाठ लागतात, नवशिक्याला ते जड जातं. क्षत्रपांचं नाणं मात्र ब्राह्मीची वीस-पंचवीस अक्षरं ओळखू आली की स्वतः वाचता येतं.

या छंदात सगळ्यात जास्त पैसे बुडतात ते क्रम उलटा झाल्यामुळे. आधी घेतलं, मग चकचकीत केलं, आणि शेवटी कुणाला तरी विचारलं की हे कुणाचं. आधी वाचायचं, मग घ्यायचं, घेतल्याच्या दिवशीच नोंद करायची. धुणं सगळ्यात शेवटी, आणि शक्यतो नाहीच.

हाताशी काय हवं

दहापट मोठं दाखवणारं सोनारी भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा, डिजिटल व्हर्नियर आणि मान वळवता येणारा टेबल-लॅम्प. टेबलावर जाड मऊ कापड किंवा फोमची चटई अंथरा. दीड-दोन हजार वर्षं जमिनीत राहिलेली चांदी आतून ठिसूळ झालेली असते. बोटातून निसटून फरशीवर पडली तर तिचे दोन तुकडे होतात. याच कारणासाठी जुन्या सवयीने नाणं खण्णकन वाजवून बघू नका आणि विक्रेत्यालाही वाजवू देऊ नका. नाणं नेहमी कडेने धरा.

क्षत्रप नाणं वाचणं

दर्शनी बाजूला उजवीकडे तोंड केलेला राजाचा मुखवटा असतो. भोवती ग्रीक अक्षरांसारख्या खुणा दिसतात. सुरुवातीच्या नहपान या क्षत्रप राजाच्या काळी तो खरोखर वाचता येणारा लेख होता, पुढे ठसे कोरणाऱ्यांना ती लिपी उमगेनाशी झाली आणि नुसती नक्षी उरली. तिच्यात वेळ घालवू नका.

मागच्या बाजूला मधोमध तीन कमानींचा डोंगर, त्याखाली नदीची नागमोडी रेघ, वर चंद्रकोर आणि सूर्य किंवा तारा. नहपानानंतरच्या चष्टन राजापासून हीच मांडणी रूढ झाली. भोवतालचा ब्राह्मी लेख हा नाण्याचा जीव. लॅम्प जवळजवळ टेबलाच्या पातळीपर्यंत खाली आणा, प्रकाश आडवा पडू द्या आणि नाणं हळूहळू फिरवा. सरळ वरून पडणाऱ्या प्रकाशात पुसट अक्षर दिसत नाही, तिरप्या प्रकाशात त्याची सावली पडते.

लेखाचा साचा ठरलेला आहे: आधी वडिलांची पदवी आणि नाव, मग ‘पुत्रस’, मग राजाची स्वतःची पदवी आणि नाव. नेहमी सापडणारं उदाहरण दुसऱ्या रुद्रसेनाचं: ‘राज्ञो क्षत्रपस वीरदामपुत्रस राज्ञो महाक्षत्रपस रुद्रसेनस’, म्हणजे राजा क्षत्रप वीरदामन याचा पुत्र राजा महाक्षत्रप रुद्रसेन याचं. महाक्षत्रप ही थोरली पदवी, क्षत्रप ही तिच्या खालची. वाचायला सुरुवात नावापासून करू नका. आधी ‘क्षत्रपस’ कुठे येतं ते शोधा, ते बहुतेक वेळा दोनदा येतं. मग ‘पुत्रस’ शोधा. त्याच्या आधीचं नाव वडिलांचं आणि शेवटचं नाव राजाचं. त्यानंतर प्रत्येक ‘क्षत्रपस’च्या आधी ‘महा’ आहे का ते पाहा. वरच्या नाण्यात वडिलांच्या पदवीला ‘महा’ नाही, मुलाच्या आहे. नावं अर्धवट असतानाही एवढ्या एका खुणेवरून निम्मे उमेदवार गळतात.

अडचण अशी की ठसा ज्या धातूच्या चकतीवर ठोकायचा तिच्यापेक्षा मोठा असायचा. अक्षरांची डोकी, म्हणजे वरच्या मात्रा, कडेबाहेर जातात. ‘रुद्रसेन’मधली ‘से’ची मात्रा गेली की उरतं ‘स’, आणि ‘रुद्रसिंह’ की ‘रुद्रसेन’ हा घोळ सुरू होतो. अशा वेळी वडिलांच्या नावाने निर्णय करा. वडीलही कडेबाहेर असतील तर ‘रुद्रसेन किंवा रुद्रसिंह’ असंच लिहून ठेवा. विक्रेत्याने पाकिटावर लिहिलेलं नाव उतरवून घेऊ नका. ती नावं अनेकदा दुसऱ्या पाकिटावरून आलेली असतात.

साल राजाच्या मानेमागे, म्हणजे नाण्याच्या डाव्या कडेला असतं. इथे आजच्या आकड्यांची सवय बाजूला ठेवावी लागते. ब्राह्मीत शंभराचं वेगळं चिन्ह, ऐंशीचं वेगळं, पाचाचं वेगळं, आणि तिन्हींची बेरीज करायची: १००, ८०, ५ म्हणजे शक १८५. त्यात ७८ मिळवले की इसवी सन २६३. एक, दोन, तीन या आकड्यांसाठी तेवढ्याच आडव्या रेघा. शंभराच्या चिन्हाला बाजूला एक फाटा जोडला की दोनशे, दोन जोडले की तीनशे. एककाचं चिन्ह सगळ्यात आधी झिजतं. ते दिसत नसेल तर ‘शक १८०+’ असं लिहायचं, अंदाजाने भरायचं नाही.

साल असलेलं आणि नसलेलं अशी एकाच राजाची दोन नाणी समोर असतील तर साल असलेलं घ्या, मुखवटा थोडा झिजलेला असला तरी. देखणा चेहरा विकणाऱ्याला भाव देतो. इतिहास मात्र कडेच्या त्या तीन चिन्हांत आहे.

एका घराण्याच्या पाच पिढ्या

मिळेल ते गोळा करण्यापेक्षा एक वंशावळ धरा. दामसेन, त्याचा मुलगा वीरदामन, त्याचा रुद्रसेन दुसरा, त्याचा भर्तृदामन, त्याचा विश्वसेन. ही पाच नाणी एका ओळीत मांडली की प्रत्येक नाणं आधीच्या नाण्याचं नाव घेतं. मधल्या फटींत काका-पुतणे बसवा. वीरदामन नुसता क्षत्रपच राहिला. महाक्षत्रपपद त्याचे भाऊ यशोदामन, विजयसेन आणि तिसरा दामजदश्री यांच्याकडे एकामागून एक गेलं आणि मग ते वीरदामनाच्या मुलाकडे आलं. गादी भावाकडून भावाकडे जाण्याची ही रीत नाण्यांवरच्या पदव्या आणि सालं जुळवूनच कळते.

विश्वसेनानंतरचं नाणं मुद्दाम मिळवा. दुसऱ्या रुद्रसिंहाचा लेख ‘स्वामिजीवदामपुत्रस राज्ञो क्षत्रपस रुद्रसिंहस’ असा आहे. ‘राज्ञो’ एकदाच येतं. वडिलांना ना राजा म्हटलंय, ना क्षत्रप. चष्टनाची सरळ शाखा इथे संपली आणि दुसरी पुढे आली, हे त्या एका गाळलेल्या शब्दावरून समजतं. ईश्वरदत्ताचं नाणंही असंच वेगळं पडतं. त्यावर शक वर्ष नाही, ‘वर्षे प्रथमे’ किंवा ‘वर्षे द्वितीये’ असं स्वतःच्या राज्याचं वर्ष आहे. तो मध्येच घुसलेला राजा होता.

नहपानावर गौतमीपुत्राचा ठसा

१९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभी इथे चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा सापडला: तेरा हजारांहून जास्त नाणी, सगळी क्षहरात वंशाच्या नहपानाची. त्यातली नऊ हजारांच्या वर नाणी सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा ठोकलेली होती. नहपानाच्या मूळ नाण्यावर एका बाजूला मुखवटा, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, आणि ब्राह्मी व खरोष्ठी या दोन लिपींत नाव. गौतमीपुत्राने त्यावर एकीकडे तीन कमानींचा डोंगर व नागमोडी रेघ आणि ‘रञो गोतमिपुतस सिरि सातकणिस’ हा लेख उमटवला, दुसरीकडे उज्जैन चिन्ह, म्हणजे अधिकच्या चिन्हाच्या चार टोकांना चार वर्तुळं. नाशिकच्या पांडवलेणीत त्याची आई गौतमी बलश्री हिच्या लेखात या राजाला क्षहरात वंशाचा निःशेष नाश करणारा म्हटलंय. त्याच डोंगरातल्या दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी) विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, कायम ठेव म्हणून ठेवले, २००० दरमहा शेकडा एक टक्क्याने आणि १००० पाऊण टक्क्याने. व्याजातून भिक्षूंचा वस्त्रखर्च आणि किरकोळ गरजा भागवायच्या. पांडवलेणी पाहून आल्यावर नहपानाचं नाणं पुन्हा हातात घ्या.

मागणी फार म्हणून या दुहेरी ठशाच्या नाण्यांच्या नकलाही फार. भिंगाखाली तीन गोष्टी पाहा. नवा ठसा जुन्या अक्षरांना कापत गेला पाहिजे. जिथे उज्जैन चिन्हाचं वर्तुळ पडलंय तिथे खालचं नाक किंवा गाल दबलेला दिसायला हवा. एका बाजूला घाव बसला की त्याच जागी पाठीमागचा भाग सपाट होतो, तो झालाय का हे नाणं उलटून ताडून बघा. आणि जुना मुखवटा व नवं चिन्ह दोन्ही सारखेच ठसठशीत असतील तर नाणं बाजूला ठेवा. दोन्ही थर एकाच साच्यातून एकदम ओतलेले असण्याची शक्यता मोठी.

खरं-खोटं

ओतीव नकलेत कडेला सांध्याची बारीक रेघ असते, किंवा ती घासून काढल्याच्या समांतर खुणा असतात. मैदानात, म्हणजे अक्षरं-चित्रांमधल्या मोकळ्या जागेत, टाचणीच्या टोकाएवढे गोल खड्डे दिसतात, ते हवेचे बुडबुडे. अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत होतात. ठोकलेल्या नाण्यात अक्षराच्या बुडाशी धातू ओढला गेल्याच्या बारीक रेषा असतात आणि चकतीच्या कडेला कधी कधी चिरा जातात. खरी चीर आत जाताना निमुळती होते. नकलेतली चीर ही नुसती खोबण असते, तिचा तळ दिसतो.

एकाच विक्रेत्याकडे एकाच राजाची दोन नाणी असतील तर ती शेजारी ठेवून बघा. ठसा एकच असू शकतो, पण चकतीचा आकार, चीर आणि झिजलेली जागा दोन्हींवर हुबेहूब सारखी असेल तर किमान एक तरी नक्कल आहे, बहुधा दोन्ही.

वजन दीड ग्रॅमच्या खाली किंवा अडीचच्या वर गेलं तर कारण शोधा. सापेक्ष घनता मोजण्याचा सल्ला बरेच जण देतात: काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करायचा, दोऱ्याला टांगलेलं नाणं तळाला न टेकवता पाण्यात बुडवायचं, दिसेल त्या आकड्याने कोरड्या वजनाला भागायचं. चांदीला १०.५ च्या आसपास उत्तर यायला हवं. पद्धत बरोबर आहे, पण क्षत्रपांच्या नाण्याला ०.०१ चा काटा पुरत नाही. २.१० ग्रॅमच्या नाण्याला पाण्यात ०.२० दिसलं तर उत्तर १०.५, ०.२१ दिसलं तर १०.०, ०.२२ दिसलं तर ९.५. शेवटच्या आकड्याच्या एका उडीने चांगली चांदी मिसळीची ठरते. हा प्रयोग करायचाच तर ०.००१ ग्रॅमचा काटा हवा, दोरा केसाइतका बारीक हवा आणि नाण्याला चिकटलेला हवेचा प्रत्येक बुडबुडा ब्रशने काढायला हवा.

सातवाहनांची शिसं आणि पोटीन

चांदीच्या जोडीला सातवाहनांची शिशाची, तांब्याची आणि पोटीनची नाणी घ्या. पोटीन म्हणजे तांबं, कथील आणि शिसं यांचा मिश्रधातू. विदर्भातल्या पोटीन नाण्यांवर सोंड उचललेला हत्ती आणि मागे उज्जैन चिन्ह असतं. १९३९ मध्ये वऱ्हाडात तऱ्हाळा इथे अशा नाण्यांचा मोठा साठा निघाला आणि वा. वि. मिराशींनी त्याचा अभ्यास केला. हत्तीच्या डोक्यावरची ‘सिरि’ (श्री) नंतरची दोन-तीन अक्षरंच कामाची. ‘सातकणिस’, ‘पुलुमाविस’ अशी नावं तिथे तुटक तुटक मिळतात.

कोल्हापूरकडच्या ‘कुर’ राजांच्या शिशाच्या नाण्यांवर धनुष्यबाण आहे आणि नावं ऐकण्यासारखी: वासिठिपुत विळिवायकुर, मढरिपुत सिवलकुर, गोतमिपुत विळिवायकुर. यांचा क्रम कुठल्या ग्रंथात लिहिलेला नव्हता. सिवलकुराने वासिठिपुताच्या नाण्यांवर ठसा मारला आणि गोतमिपुताने त्या दोघांच्याही, यावरून तो लागला. म्हणून शिशाच्या नाण्यावर एकात एक घुसलेली दोन धनुष्यं दिसली तर ‘खराब छाप’ म्हणून टाकून देऊ नका.

घेताना कायदा

शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतं. ते देशाबाहेर नेण्याची खासगी माणसाला मुभा नाही, मग ते आजोबांच्या पेटीतलं का असेना. परदेशी राहणाऱ्या नातेवाइकाला सामानातून पाठवू नका. जमिनीत सापडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं द्रव्य १८७८ च्या गुप्तधन कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. पैठण, तेर, नेवासे, भोकरदन, जुन्नर या जुन्या नगरांच्या पांढरीतून, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडांतून, पावसानंतर नाणी वर येतात आणि ती गुपचूप फिरत असतात. ‘कालच शेतात निघाली’ असं सांगून कुणी मूठभर मातकट नाणी पुढे केली तर घेऊ नका. खरी असतील तर ती अशी फुटून विकली गेल्याने अख्खा साठा अभ्यासातून जातो, आणि खोटी असतील तर माती वरून लावलेली असते. परवानाधारक विक्रेता किंवा लिलाव, आणि हातात बिल. बिलावर राजाचं नाव, धातू आणि वजन लिहून घ्या. नुसतं ‘जुने नाणे १ नग’ असलेलं बिल उद्या उपयोगी पडत नाही.

नोंदीचं कार्ड

नमुना असा: ‘रुद्रसेन दुसरा, महाक्षत्रप, वीरदामनाचा पुत्र. चांदी, २.१४ ग्रॅम, १५ मिमी. शक १८५ (शेवटचा आकडा अर्धा). लेख: राज्ञो क्ष... वीरदामपुत्रस राज्ञो महाक्ष... पाठीमागे ५ वाजता चीर. कुठून, कधी, किती रुपयांना. आधीच्या मालकाने सांगितलेलं सापडण्याचं ठिकाण.’ जे दिसतं तेच लिहायचं, गेलेल्या अक्षरांच्या जागी टिंबं द्यायची. चीर किंवा टवका कितीच्या काट्यावर आहे ते लिहिलं की पुढे हेच नाणं फोटोवरून ओळखता येतं. शाई पसरते, तेव्हा पेन्सिल वापरा. फोटो दोन्ही बाजूंचे, शेजारी मिलिमीटरची पट्टी, प्रकाश डाव्या वरच्या कोपऱ्यातून.

धुणं आणि ठेवणं

चिंच, लिंबू, पितांबरी, टूथपेस्ट, राख, सोनाराचं तेजाब यांतलं काहीही नाण्याला लावायचं नाही. आम्ल आधी मिश्रणातलं तांबं खातं, पृष्ठभाग सच्छिद्र होतो आणि अक्षरांच्या धारा जातात. काळपट थर ही घाण नाही, तो संरक्षक कवच आहे. चांदीवर मातीच असेल तर ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात दोन-तीन दिवस ठेवा, रोज पाणी बदला, मऊ झालेली माती बांबूच्या टूथपिकने अक्षराच्या कडेकडेने काढा. धातूला टोक टेकवू नका. मग कापडावर टिपून पूर्ण सुकू द्या, चोळू नका.

तांब्याच्या किंवा पोटीनच्या नाण्यावर फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी दिसली आणि पुसल्यावर काही दिवसांत परत आली तर तो क्लोराइडचा रोग आहे. दमट हवेत तो आत खात जातो. ते नाणं त्याच दिवशी वेगळ्या डबीत कोरड्या सिलिका जेलबरोबर ठेवा आणि संग्रहालयाच्या रसायनतज्ज्ञाला दाखवा. घट्ट, गडद हिरवा, काचेसारखा थर मात्र निरोगी असतो, त्याला हात लावू नका.

मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाकिटांचे अल्बम टाळा. ते पीव्हीसी असतं, काही वर्षांत नाण्यावर हिरवट चिकट लेप येतो. आलाच तर शुद्ध ॲसिटोनमध्ये काचेच्या वाटीत, खिडकी उघडी ठेवून आणि जवळ ज्योत नसताना भिजवावा. नेलपॉलिश काढायचं द्रव चालत नाही, त्यात तेल आणि सुगंध असतो. पुठ्ठ्याचे पारदर्शक खिडकीचे होल्डर चांदीला बरे, पण पिना नाण्यापासून दूर आणि दाबून सपाट केलेल्या हव्यात. रबरबँड आणि वर्तमानपत्र कपाटात नको, त्यांतल्या गंधकाने चांदी काळी पडते.

शिशाची नाणी लाकडी पेटीत किंवा पुठ्ठ्यात ठेवायची नाहीत. लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेने त्यांवर पांढरी पूड येते आणि नाणं फुगून लेख नाहीसा होतो. त्यांना कडक, वास नसलेल्या प्लॅस्टिकच्या डब्या आणि लोखंडी कपाट हवं. ती पूड विषारी आहे, फुंकू नका, हाताळल्यावर हात साबणाने धुवा, मुलांच्या हाती देऊ नका. कोकणात आणि गोव्यात जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला सिलिका जेल तपासा. रंग बदलणारं घेतलं तर दमट झालेलं लगेच कळतं आणि मंद आचेवर सुकवून परत वापरता येतं.

पुढे काय घ्यावं

डोळा तयार व्हायला खरी नाणी भरपूर पाहावी लागतात. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय, नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, नाशिकजवळ अंजनेरीची नाणकशास्त्र संशोधन संस्था इथे जाताना स्वतःच्या नाण्यांचे फोटो आणि कार्डं बरोबर न्या.

दहा-बारा क्षत्रप नीट वाचून झाले की पुढची दोन नाणी त्रैकूटक दह्रसेन आणि कलचुरी कृष्णराज या क्षत्रपांनंतरच्या घराण्यांतल्या राजांची शोधा. आकार-वजनाने ती क्षत्रपांच्याच घडणीची आणि मुखवटाही तोच उजवीकडे पाहणारा. दह्रसेनाच्या नाण्यावर त्याचे वडील इंद्रदत्त यांचं नाव येतं आणि तो स्वतःला परमवैष्णव म्हणवतो. कृष्णराजाच्या नाण्यावर मागे डोंगराच्या जागी नंदी बसलेला आहे आणि राजा परममाहेश्वर, म्हणजे शिवभक्त, झाला आहे. नहपानापासून कृष्णराजापर्यंत सुमारे पाचशे वर्षं, आणि नाशिकच्या बाजारात हातोहात फिरणारं चांदीचं नाणं तेवढ्याच आकाराचं राहिलं.